मैत्री : मुदत ३० टर्न

गेल्या शनिवारी रात्री पावणेबाराला माझं सातारा पडलं. घाबरू नका, नकाशावरचं. सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये मी गांधी घेतले होते, दुसऱ्या शहराचं नाव हौसेने बदलून सातारा केलं होतं, आणि शेजारी होता कॉलेजपासूनचा एक मित्र. शांतता राखणं हे शास्त्र आहे आणि ते मी नुकतंच फी भरून शिकलोय. तुम्हाला फुकट देतो.

सुरुवात एआयपासून, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या राजांपासून करू. नवा राजा भेटला रे भेटला की २५ सोनं देऊन शिष्टमंडळ पाठवा. त्याच टर्नला, म्हणजे त्याच खेळीला पाठवा. पुढच्या टर्नपर्यंत त्याला तुमचा राग आलेला असतो. का आला हे विचारू नये. नॉर्वेचा हाराल्ड असेल तर तुमच्याकडे आरमार नाही म्हणून. तुम्ही वाळवंटाच्या मधोमध आहात, समुद्र अजून नकाशावर उघडलेलाही नाही, तरी आरमार हवं. चीनचा चिन शी हुआंग असेल तर तुम्ही एखादं वंडर, म्हणजे जगप्रसिद्ध वास्तू बांधली म्हणून. क्लिओपात्रा असेल तर तुमचं सैन्य तोकडं म्हणून. बरं, सैन्य वाढवावं, तर तिसराच कोणी विचारतो, "हे सैन्य आमच्या सीमेवर कशाला?" आपण नम्रपणे सांगावं, नुसते चाललोय, आणि निघावं. त्याचे बारा धनुर्धारी आपल्या वेशीवर उभे असतात, ते मात्र हवा खायला आलेले असतात.

सिटी-स्टेटमध्ये, म्हणजे छोट्या स्वतंत्र शहरांत, एन्व्हॉय (दूत) जरूर गुंतवा. सहावा पोचला की शेजारी ते शहर गिळतो.

वर्ल्ड काँग्रेसवर, म्हणजे गेममधल्या सगळ्या राज्यांच्या सभेवर, श्रद्धा ठेवा. तिथे तुमच्याकडच्या एकमेव लक्झरीवर, म्हणजे चैनीच्या मालावर, बंदी येते आणि ठराव बहुमताने झालेला असल्यामुळे वाईट वाटत नाही. डिप्लोमॅटिक विजयाला २० गुण लागतात. तुम्ही कोणाला न दुखवता, पूरग्रस्तांना मदत पाठवत, इमानेइतबारे गुण जमवत पुढे गेलात की सगळे आपापली भांडणं विसरून एकत्र येतात आणि तुमचे २ गुण कापतात. जगात एकजूट अशीच होते.

गांधी घेतल्यावर लोक हमखास विचारतात, "अणुबॉम्ब कधी टाकतोयस?" या मालिकेच्या १९९१ च्या पहिल्या गेममध्ये गांधींचा आक्रमकपणा १ होता, लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे आणि आकडा उलटा फिरून २५५ व्हायचा, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ असते. असा बग कधी नव्हताच, हे खुद्द त्या गेमच्या निर्मात्याने, सिड मायरने २०२० मध्ये सांगून टाकलंय. कोणी ऐकत नाही. सहाव्या भागात गांधींना सत्याग्रह आहे : त्यांच्याशी लढणाऱ्याच्या प्रजेला युद्धाचा वीट दुप्पट येतो. असं वर्णनात लिहिलंय. समोरच्याला वीट आलेला मला तरी दिसला नाही.

आता माणूस शेजारी असेल तर. त्याच्याशी रीतसर मैत्री जाहीर करा. स्टँडर्ड स्पीडवर ती ३० टर्न टिकते आणि तेवढे टर्न गेम त्याला तुमच्यावर युद्ध पुकारूच देत नाही. किती सुंदर व्यवस्था! भिंतींची गरज नाही, तिरंदाज नकोत. मी वाचनालय बांधलं. शेजाऱ्याने स्किथिया हे घोडेस्वारांचं राज्य घेतलं होतं, आणि स्किथियात एक घोडेस्वार बनवला की दुसरा फुकट मिळतो, दिवाळीच्या सेलसारखा. दहाव्या टर्नला त्याचे चार घोडे दिसले. विचारलं तर म्हणाला, "वर बार्बेरियन आहेत रे." म्हणजे गेममधल्या रानटी टोळ्या. विसाव्याला आठ. "बार्बेरियन फारच झालेत." मी म्हटलं, बिचारा. मी त्याला ट्रेड रूट पाठवला. मी त्याला मीठ दिलं. अक्षरशः मीठ, माझ्याकडे ती लक्झरी जास्तीची होती, गांधींकडे मीठ निघावं हाही योगच, आणि मी बदल्यात एक नाणंसुद्धा घेतलं नाही. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो असं लहानपणी ऐकलं होतं. हा जागला. टर्न मोजत जागला. मैत्रीची मुदत संपली, मी ती वाढवायला माउस हलवतोय, तोवर स्क्रीनवर युद्धाची तुतारी. आठ घोडे सरळ साताऱ्यावर. आत माझे दोन वॉरियर आणि एक स्लिंगर, म्हणजे गोफणवाला. आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळताना चालू असलेल्या आमच्या कॉलवर, हा काय ओरडला माहितीये? "गनिमी कावा!"

अरे, गनिमी कावा? मूठभर माणसांनी अवाढव्य फौजेला अडचणीच्या वाटेवर गाठायचं, हूल द्यायची, रसद तोडायची, पुन्हा डोंगरात पसार व्हायचं, याला गनिमी कावा म्हणतात. आठ घोडेस्वार घेऊन तीन फाटक्या शिपायांच्या गावात घुसायचं, तेही ज्याचं मीठ अजून घशाखाली उतरायचंय त्याच्या, याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. तो इथे लिहिता येत नाही. दर वेळी कोणीतरी शेण खातो आणि महाराजांचं नाव पुढे करतो.

असो. उपाय सांगत होतो.

अचानक युद्ध पुकारणाऱ्याला १५० ग्रीव्हन्स (तक्रारीचे गुण) लागतात, आधी डिनाउन्स (जाहीर निषेध) करून रीतसर पुकारणाऱ्याला १००. म्हणजे दग्याची किंमत फक्त ५० जास्त, आणि तेही टर्नागणिक आपोआप विरघळतात. परवडतं.

तहाची बोलणी थंड डोक्याने करा. त्याने सातारा, तिजोरीतलं सगळं सोनं आणि वर टर्नाला पाच नाणी मागितली. मी पुरंदरचा तह आठवून मन घट्ट केलं. १६६५ मध्ये महाराजांनी २३ किल्ले दिले, पण १२ राखले होते. माझ्याकडे शहरंच दोन, दिल्ली आणि सातारा. हिशेब बसेना, तरी सही केली, कारण तहानंतर १० टर्न हल्ला करता येत नाही. या १० टर्नांत भिंती बांधाव्यात. हा एवढा एकच सल्ला मी मनापासून देतोय.

आणि मग गंमत झाली. आमच्यातल्या तिसऱ्याने मागून याच्या राजधानीवर कॅटापुल्ट, म्हणजे दगडफेकी यंत्रं आणली. दोनच टर्न झाले असतील, डिस्कॉर्डवर आवाज : "अरे, लाइट गेली." गेला. खेळणारा गेला की त्याची जागा एआय घेतो. आता स्किथियाची राणी तोमिरिस एआयच्या हातात असली तर तिला एकच गोष्ट खपत नाही : मित्राला दगा देणारा. तिचा अजेंडाच तो आहे. काही टर्नांनी तिने मला डिनाउन्स केलं. मला! पण केलं तोंडावर. मला तू आवडत नाहीस, असं सरळ सांगून.

एका प्रोग्रॅमला जेवढी जनाची आहे तेवढी तुला नाही, मित्रा. "गेम आहे रे, मनावर काय घेतोस" हे तर बोलूच नकोस. गेम आहे हे मलाही कळतं. हरायचंही कळतं, दर शनिवारी हरतोच. पण मग तूही हर ना! दुसऱ्याचं गाव जाळताना गेम असतो आणि स्वतःची राजधानी पडायला आली की लाइट जाते? चार शनिवार घातलेत तिघांनी यात. बायकोची बोलणी खाल्लीत. लाइट गेली म्हणे; पुढच्या पाच मिनिटांत ग्रुपवर तीन रील टाकलेस तू.

शनिवारी रात्री दहाला ये. सेव्ह माझ्याकडे आहे. लॅपटॉप आधी चार्ज करून ठेव. दिल्लीच्या भिंती झाल्यात.