एका रस्त्यावरच्या चार मंडळ्या

नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून जुन्या मिशन कंपाउंडपर्यंत चालत गेलं तर चार ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे चार समूह, लागतात. सी.एन.आय.चं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) दगडी चर्च, मुक्तिफौजेचा (साल्वेशन आर्मीचा) हॉल, एका पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथाच्या) पाळकांचं पत्र्याचं प्रार्थनाघर आणि सी.एन.आय.मधूनच काही वर्षांपूर्वी फुटून निघालेली एक स्वतंत्र मंडळी. रविवारी सकाळी चारही ठिकाणी पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं होतात. रस्त्यात भेटलेली चुलत-मावस भावंडं एकमेकांना सलाम करतात आणि चार वेगळ्या दारांनी आत जातात.

या चौघांनी आता एक व्हावं की नाही, यावर सध्या गावात जोरात वाद चालू आहे. राज्यात धर्मांतरबंदी कायद्याची भाषा सुरू झाल्यापासून त्याला धार आली. काही जण म्हणतात, एकच कमिटी करा, एकाच नावाखाली या, म्हणजे उद्या तहसीलदारापुढे किंवा पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर आपला आवाज एक राहील. बाकीचे विचारतात, एक झालो तर जागा कुणाच्या नावावर? आमच्या आजोबांनी डोक्यावर दगड वाहून बांधलेला हॉल उद्या कुणी तिसराच विकणार नाही कशावरून? वाद इथे येऊन अडकतो, आणि दर वेळी इथेच अडकतो.

मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहते, इस्पितळात नोकरी करते. इथे मी ज्या मंडळीची सभासद आहे ती मेथडिस्ट आणि युनायटेड रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांची मिळून झालेली आहे. गावचा वाद फोनवर ऐकताना मला दोन्ही बाजूंना एकच सांगावंसं वाटतं. विलीनीकरणाचा विषय सध्या कपाटात ठेवा. एकमेकांचे शेजारी म्हणून काय काय करायचं ते आधी कागदावर लिहा आणि त्यावर चौघांच्या सह्या घ्या.

ऐक्याच्या बाबतीत भारतातल्या मंडळ्या जगाच्या मागे आहेत असं मात्र कुणी समजू नये. बिशप (अनेक मंडळ्यांवरचे धर्माधिकारी) असलेल्या आणि बिशप न मानणाऱ्या मंडळ्या एकाच चर्चमध्ये येण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्याकडे झाला. 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचे) होते, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे होते, बाप्टिस्ट आणि ब्रदरन होते. लहान बाळाला बाप्तिस्मा (पाण्यानं होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) द्यायचा की मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्यावर, हा तिथला सर्वांत अवघड प्रश्न होता. शेवटी दोन्ही पद्धती मान्य झाल्या. ही फार मोठी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये मी ती सांगते तेव्हा जुनी माणसं कान देऊन ऐकतात, कारण त्यांना ते जमलं नाही.

चर्च ऑफ इंग्लंड आणि मेथडिस्ट यांच्या एकीकरणाची योजना इथे वर्षानुवर्षं शिजत होती. मेथडिस्टांनी होकार दिला. 1972 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सभेत मतदान झालं तेव्हा 75 टक्के मतं हवी होती, सुमारे 66 पडली. योजना तिथेच संपली. पण वरची दारं बंद होण्याआधी खाली एक साधी गोष्ट होऊन गेली होती. 1969 मध्ये ब्रिटिश संसदेनं एक कायदा केला, चर्चच्या इमारती सामाईक वापरण्याचा. त्यामुळे दोन वेगळ्या पंथांना एक इमारत लेखी करारानं वापरता येऊ लागली. मालकी एकाकडेच ठेवता येते आणि दुसऱ्याला वापराचा पक्का हक्क मिळतो. छपराची दुरुस्ती कुणी करायची, विजेचं बिल कसं वाटायचं, करार मोडला तर काय, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. या कायद्याच्या आधारानं गावोगावच्या लहान मंडळ्या शांतपणे जवळ आल्या. मिल्टन कीन्स या नव्या शहरात तर मध्यवस्तीतलं चर्चच अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, रोमन कॅथलिक आणि युनायटेड रिफॉर्म्ड अशा पाच जणांनी मिळून बांधलं. ते 1992 मध्ये उघडलं.

आमच्या मंडळीत पाळक नेमण्याचा प्रश्न होता. मेथडिस्टांकडे पाळक वरून नेमून येतो, तर रिफॉर्म्ड मंडळी आपला पाळक स्वतः पाहून बोलावते. उपाय असा निघाला की एकदा ह्यांचा, एकदा त्यांचा. दोन्ही मुख्यालयांना दर वर्षी वेगवेगळे अहवाल जातात आणि खजिनदार बाईंना दुप्पट काम पडतं. त्या कुरकुरतात, पण अहवाल वेळेवर जातात.

मला स्वतःला खरं शिकवलं ते हिवाळ्यातल्या रात्रनिवाऱ्यानं. इथल्या गावात बेघर माणसं रस्त्यावर झोपत होती आणि एकट्या कुठल्याच मंडळीला रोज रात्री हॉल उघडा ठेवणं परवडत नव्हतं. मग सात चर्चेसनी आठवड्याच्या सात रात्री वाटून घेतल्या. मंगळवार कॅथलिकांचा, गुरुवार आमचा. सकाळी व्हॅन यायची, घडीच्या खाटा आणि प्लास्टिकच्या पेट्या पुढच्या चर्चला जायच्या. प्रत्येक पेटीवर त्या माणसाचं नाव, आत त्याचीच उशी, त्याचंच पांघरूण, म्हणजे जागा रोज बदलली तरी अंथरूण त्याचं त्यालाच मिळे. एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात एक बाप्टिस्ट डीकन (मंडळीचा सेवक) आणि कॅथलिक फादर शेजारी बसून बटाटे सोलत होते. प्रभुभोजनाबद्दल (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीबद्दल) त्या दोघांचं आजही एकमत नाही आणि एकमेकांच्या चर्चमध्ये ते प्रभुभोजन घेत नाहीत. पण कुणाला रात्री फिट येते, कुणाला खालची खाट लागते, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे दोघांनाही पाठ होतं.

1952 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जगभरच्या चर्चेसची एक परिषद झाली होती. तिनं मंडळ्यांपुढे एक प्रश्न ठेवला. श्रद्धेतला खोल मतभेद ज्या गोष्टींत वेगळं राहायला भाग पाडतो त्या सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? मला वाटतं, हा प्रश्न आपल्या गावच्या रस्त्यावर जसाच्या तसा विचारावा. दफनभूमी वेगळी ठेवायला कुठली श्रद्धा भाग पाडते? नाताळची मिरवणूक चार वेगवेगळ्या दिवशी काढायला कुठलं वचन सांगतं?

तरीही इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. इथल्या ऐक्यामागे रिकामे बाक आहेत. युनायटेड रिफॉर्म्ड चर्च 1972 मध्ये दोन चर्चेसच्या मिलनातून झालं तेव्हा त्याचे जवळपास दोन लाख सभासद होते. आज पन्नास हजारही नाहीत. आमच्या दोन मंडळ्या एकत्र आल्या त्या प्रेमानं आल्या, आणि एका इमारतीचं छप्पर गळत होतं म्हणूनही आल्या. उरलेली इमारत विकली तेव्हा तिथे लग्न लागलेल्या म्हाताऱ्या बायका रस्त्यात उभं राहून रडल्या. रिकाम्या होत चाललेल्या दोन खोल्या एक केल्या की माणसं दुप्पट होत नाहीत. गावाकडे आमच्या चारही मंडळ्या भरलेल्या असतात, त्यांना जगण्यासाठी एक होण्याची गरज नाही. त्यांना एकत्र ढकलते आहे ती भीती. भीतीनं झालेली एकी भीती असेपर्यंत टिकते, पुढे तिला रोजचं काम लागतं.

आपल्या फुटीची कारणंही इथल्यापेक्षा वेगळी आहेत, आणि हे आपण मोकळेपणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. 1870 च्या दशकात अँग्लिकन मिशन त्याच जिल्ह्यात उतरलं. 1882 मध्ये मुंबईत आलेली मुक्तिफौज पुढे नगरकडे सरकली. आमच्या पणजोबांनी काही धर्मशास्त्राचे ग्रंथ तोलून पंथ निवडला नव्हता. कुठलं मिशन आधी आलं, कुणी शाळा काढली, दुष्काळात कुणी धान्य दिलं, यावर ते ठरलं. आणि कुठलं मिशन कुठल्या वस्तीत आलं, महारवाड्यात की मांगवाड्यात, यावरही ठरलं. आज आपण ‘आमची परंपरा’ म्हणतो तेव्हा तिच्यात मिशनांची मुख्यालयं असलेलं बोस्टन आणि लंडन जेवढं आहे तेवढीच जुनी वेसही आहे. सोयरीक जुळवताना ती पटकन वर येते. चर्चेस कागदावर एक झाली तरी ही वेस आपोआप पडत नाही, म्हणूनच मला आधी शेजार हवा आहे. नारायण वामन टिळकांना हे शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. 1917 मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे अनुयायी तिथे भाऊ म्हणून बसावेत अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांची भजनं आपण ठेवली, दरबार ठेवला नाही.

माझी आत्या एका मंडळीत जन्मली आणि दुसऱ्या मंडळीत नांदली. ती भर पावसाळ्यात वारली. दफनाची वेळ आली तेव्हा सभासदत्वाचं पत्र बदलून आणलंय का, वर्गणी भरलीय का, असे प्रश्न निघाले. जागा एका मंडळीच्या ताब्यात होती आणि आत्याचं नाव दुसऱ्या मंडळीच्या वहीत होतं. दुपारपासून शवपेटी ओट्यावर होती. तिची मुलं छत्र्या धरून उभी होती आणि कमिटीची माणसं आत बसून बोलत होती. संध्याकाळी तिसऱ्याच मंडळीचे पाळक मध्ये पडले, स्वतःच्या खिशातून पैसे भरले, तेव्हा खड्डा खणायला माणूस गेला. मी तेव्हा इथे ड्यूटीवर होते आणि भाऊ फोन चालू ठेवून तिथे उभा होता. इंग्लंडमध्ये स्मशानभूमी बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची असते, मेलेल्या माणसाला कुणी वही विचारत नाही. त्या दिवसापासून ऐक्याच्या भाषणांत मला रस राहिला नाही. पत्र न मागता दफनाला जागा देऊ, हे एक वाक्य चार कमिट्यांनी लिहून दिलं तर माझ्यासाठी ते कुठल्याही परिषदेच्या ठरावाहून मोठं आहे.

जागेची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. गुजरातेत ब्रदरन मंडळ्यांच्या मिळकती सी.एन.आय.कडे गेल्या की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2005 आणि 2013 असे त्यावर निकाल आले. म्हणजे 1970 चं मिलन चाळीस वर्षांनीही कोर्टात होतं. सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखाली नोंदलेली मिळकत नुसत्या प्रेमाच्या ठरावानं इकडची तिकडे होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सातबाऱ्याला हात लावू नका. ज्याचा हॉल त्याचाच राहू दे. लिहा ते वापराचं. लग्नाला मोठं चर्च लागलं तर दुसऱ्या मंडळीला कोणत्या भाड्यानं मिळेल, पाळक आजारी पडला तर त्या रविवारी संदेश कोण देईल, संडे स्कूलच्या मुलांची सुट्टीतली शिबिरं कुठे भरतील.

पेन्टेकॉस्टल मंडळीशी खरा मतभेद आहे आणि तो झाकू नये. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हा पाण्यात उतरवलं की दगडी चर्चमधल्यांना तो अपमान वाटतो, आणि मग ‘मेंढरं चोरली’ हा आरोप होतो. यावर धर्मशास्त्राचं उत्तर लगेच निघणार नाही. पण कुणी दुसऱ्या मंडळीतून आलं तर त्याच्या आधीच्या पाळकांना भेटून सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, एवढा शिष्टाचार आजही ठरवता येईल.

लेस्ली न्यूबिगिन यांचं नाव मी भावाला नेहमी सांगते. ते 1947 मध्ये साउथ इंडिया चर्चच्या पहिल्या बिशपांपैकी एक होते, पुढे मद्रासचे बिशप झाले. निवृत्तीनंतर इंग्लंडला परतले आणि सत्तरी उलटल्यावर बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमध्ये, तुरुंगासमोरच्या एका गरीब वस्तीतल्या लहानशा मंडळीचे साधे पाळक झाले. ती मंडळी बंद करायचं घाटत होतं. इतकं मोठं मिलन घडवलेला माणूस शेवटी घरोघर जाऊन दार ठोठावत राहिला. त्यांच्याकडून मी हे घेते की ऐक्याची खरी जागा मुख्यालयात नसते, ती मंडळीच्या उंबऱ्यावर असते.

इथे आम्ही मराठी ख्रिस्ती महिन्यातून एकदा एका बाप्टिस्ट चर्चच्या उसन्या हॉलमध्ये जमतो. नगरचे, सोलापूरचे, मिरजेचे, बुलढाण्याचे. कुणी मेथडिस्ट, कुणी नाझरीन, कुणी मुक्तिफौजेतलं. इतके थोडे आहोत की वेगळं बसणं परवडतच नाही. तीच माणसं सुट्टीत गावी गेली की पुन्हा आपापल्या दारानं आत जातात, मीही जाते.

ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह भारतात आणि इंग्लंडमध्ये 18 ते 25 जानेवारीला असतो. येत्या जानेवारीत आपल्या रस्त्यावर निदान चार संध्याकाळ एकत्र प्रार्थना करावी, असं मी चारही पाळकांना लिहून कळवलं आहे, आणि सोबत दफनभूमीच्या त्या एका वाक्याचा मसुदा पाठवला आहे. दोघांचा होकार आला आहे. पहिली सभा दगडी चर्चमध्ये घ्यावी, तिथे जागा मोठी आहे, असं बहुतेकांचं मत पडतंय. माझा त्याला विरोध आहे. मोठ्या घरी बोलावलेले बाकीचे तिघे पाहुणे होतात. पहिली संध्याकाळ पत्र्याच्या प्रार्थनाघरात घ्यावी, सतरंज्या दगडी चर्चनं पुरवाव्यात आणि चहा मुक्तिफौजेच्या बायकांनी करावा.