माळ, शेवाळ आणि पुतण्याचा प्रश्न

बारावीनंतर वन्यजीव आणि ग्रामीण भूव्यवस्थापनाचा अभ्यास करण्याची इच्छा माझ्या पुतण्याने बोलून दाखवली, तेव्हा दादांनी मला फोनवर विचारले, "झाडे लावायला पदवी कशाला लागते? ते तर रविवारीही करता येते." त्याच बोलण्यात, गावामागच्या माळावर यंदा पुन्हा वृक्षारोपण ठरले असून काही पर्यावरणवादी मंडळी त्याला विरोध करत आहेत, पडीक जमिनीत झाडे लावली तर त्यांचे बिघडते कुठे, असेही ते म्हणाले. ही मते एकट्या दादांची नाहीत, ती मी गावाकडून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकते, आणि मला राग येतो तो दोन्हींचे मूळ एकच असल्यामुळे. जमीन रिकामी आहे असे एकदा मानले, की ती सांभाळणाऱ्याला शिकण्यासारखे काही उरत नाही.

गेली नऊ वर्षे मी इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात रेंजर आहे. हिवाळ्यातला माझा बराच वेळ किंडर आणि ब्लीकलो यांच्या माथ्यांवर शेवाळ लावण्यात जातो. मँचेस्टर आणि शेफील्डच्या धुरांड्यांतून दीडदोन शतके पडत राहिलेल्या काजळीने आणि गंधकाने येथील स्फॅग्नम शेवाळ मेले, पीटची, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती उघडी पडली आणि पावसाबरोबर वाहू लागली. पीटचा थर वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो, म्हणजे घळीत वाहून गेलेला मीटरभर थर हा हजार वर्षांचा संचय असतो. म्हणून आधी घळी दगडांनी अडवायच्या, पाणी थांबवायचे आणि मग शेवाळाची रोपे हाताने खोचायची, असा क्रम असतो. 1 मार्चपासून 31 जुलैपर्यंत खुल्या माळावर कुत्रा आखूड पट्ट्यानेच बांधलेला असावा लागतो, कारण कर्ल्यू हा पक्षी जमिनीवर अंडी घालतो, आणि हे कुत्रेवाल्यांना रोज नव्याने, न रागावता सांगणे हा माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. हे काम मिळण्यापूर्वी मी दोन वर्षे विनावेतन राबले, चेनसॉ (यांत्रिक करवत) आणि फवारणीची प्रमाणपत्रे मिळवली, हंगामी करारांवर दिवस काढले. पगार बेताचा आहे, हे मी पुतण्यापासून लपवलेले नाही.

झाडे लावून काय बिघडते, याचे उत्तर स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आहे. 1980 च्या दशकात करसवलतीच्या आमिषाने फ्लो कंट्री या प्रदेशाच्या दलदली नांगरून, चर काढून तेथे सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन हे सूचिपर्णी वृक्ष लावले गेले. पीट सुकले, माळावरचे पक्षी हटले आणि ज्या जमिनीत हजारो वर्षांचा कार्बन साठला होता तीच तो सोडू लागली. 1988 च्या अर्थसंकल्पाने ती सवलत बंद केली, पण 1990 च्या दशकापासून आजतागायत तीच झाडे तोडून तेच चर बुजवण्याचे काम चालू आहे. 2024 मध्ये फ्लो कंट्रीला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला तो तेथील दलदलीसाठी. झाड कोठे लावू नये, हे ओळखायला जमीन वाचावी लागते, आणि ते वाचन रविवारच्या फावल्या वेळात येत नाही.

आपल्याकडे 2017 ते 2019 या तीन वर्षांत अनुक्रमे 4, 13 आणि 33 कोटी झाडांचे संकल्प सोडले गेले. आकडे सर्वांच्या लक्षात राहिले, पण खड्डे कोणत्या जमिनीत खणले जात आहेत हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यातला माळ हा उजाड झालेले जंगल नसून स्वतंत्र अधिवास आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, माळटिटवी ही सगळी उघड्या गवताची प्रजा आहे. नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी आज तेथे तो पक्षी दिसणे जवळजवळ संपले आहे. एवढे होऊनही सरकारी दप्तरात असल्या जमिनीची गणना पडीकातच होते.

तुमच्याकडे माणसे कमी, जागा भरपूर, असे दादा म्हणतात. वस्तुतः इंग्लंडमध्ये दर चौरस किलोमीटरला चारशेहून अधिक लोक राहतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा 365 होता. 1951 पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये 35 हजारांहून अधिक माणसे राहतात आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे माझे निम्मे काम शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून होते. असे काम आपल्याकडे होत नाही असेही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि 2011 पासून आपला बांबू स्वतः विकला. अशा प्रत्येक ग्रामसभेला आराखडा करणारा, मोजणी जाणणारा, हिशेब राखणारा माणूस लागतो, आणि तो माणूस माझा पुतण्या का असू नये?

हे सगळे मी दादांना ठासून सांगितले. मात्र एक गोष्ट मला सांगता आली नाही. लहानपणी दरवर्षी सुगीनंतर धनगरांचा वाडा आमच्या रानात उतरत असे, मेंढरे बसवली जात, आई त्यांना धान्य घालत असे. येथे मी परक्या शेतकऱ्याला त्याचे आजोबा कोणत्या कुरणात मेंढ्या सोडत हे आदराने विचारते आणि वहीत टिपून घेते. त्या धनगरांना मी कधीही काही विचारले नाही. गेल्या महिन्यात पुतण्याने माळावरच्या तीन गवतांची छायाचित्रे पाठवून नावे विचारली. स्फॅग्नमच्या पाच जाती मला हाताला लागताच ओळखता येतात, पण त्या तीनपैकी एकाही गवताचे नाव मला आठवेना. शेवटी मी ती छायाचित्रे दादांकडेच पाठवली.

त्यांचे उत्तर पाच मिनिटांत आले. पहिली कुसळी, ती मेंढरांच्या लोकरीत रुतते म्हणून धनगर ती फुलण्याआधीच चारून घेतात. दुसरा पवना. तिसरी मारवेल, ती ओढ्याकडच्या काळ्या मातीत येते आणि दुभत्या जनावराला राखून ठेवावी. यंदाचे खड्डे त्याच ओढ्याकडून सुरू होणार आहेत, असेही त्यांनी खाली लिहिले होते.