‘कंप्रेशन दीडशेच्या खाली, इंजिन बाद’: जुन्या पेट्रोल जीपबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

जुनी पेट्रोल जीप बघायला जाणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर सध्या सोलापुरात या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. पाच मिनिटांत इंजिन ओळखा, असा त्याचा थाट. म्हणणं थोडक्यात असं: कंप्रेशन, म्हणजे पिस्टननं सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा गेजवरचा दाब, चौरस इंचाला १५० पौंडांच्या खाली आलं की इंजिन बाद. ऑइलचं झाकण काढल्यावर वाफ दिसली की पिस्टनच्या रिंगा गेल्या. टॅपेट (वाल्व्ह ढकलून उघडणारे भाग) वाजले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेलं. आयडलला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, ऑइलच्या प्रेशरचा काटा ४० वर पाहिजे. आणि हे सगळं ठीक निघालं तरी आताच्या पेट्रोलवर ही इंजिनं टिकत नाहीत, तेव्हा काढा आणि डिझेल टाका.

यातली बहुतेक वाक्यं कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतात. फक्त ती गाडी विलिस या अमेरिकन कंपनीची किंवा महिंद्राची जुनी जीप नव्हे. या यादीवर विसंबलं की धडधाकट इंजिन भंगारात जातं, आणि जाड ऑइल ओतून गप्प केलेलं इंजिन मात्र पास होतं.

आधी समोर कोणतं इंजिन आहे ते बघा, कारण आपल्याकडे दोन भेटतात. युद्धकाळातल्या विलिसमधलं साइड वाल्व्ह: २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर, इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) हे दोन्ही वाल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ एक जाड पाटच आणि प्लग वर तोंड करून उभे. दुसरं हरिकेन. त्याचे इनटेक वाल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, वर टॅपेट कव्हर. हे इंजिन उंच म्हणूनच ते बसवलेल्या सीजे-३बी या मॉडेलचं बॉनेट उंच. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला घेतल्या आणि पुढे हीच उंच बॉनेटवाली वर्षानुवर्षं बनवली, म्हणून जिल्ह्यात मळ्याच्या कडेला झाकून ठेवलेली पेट्रोल जीप दिसली तर बहुतेक वेळा आत हरिकेन असतं.

आता ते १५० पौंड. साइड वाल्व्ह इंजिनाचा कंप्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधली जागा किती पट आवळली जाते तो आकडा, ६.४८, हरिकेनचा साधारण ७ ते साडेसात. आजच्या गाड्यांचा १० च्या आसपास किंवा वर. रेशोच इतका कमी असेल तर गेजवर १५० येणार कुठून? नवं कोरं साइड वाल्व्ह इंजिन समुद्रसपाटीला ११० च्या आसपास दाखवायचं. हरिकेन १२० ते १३०. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच, इथली हवा पाचेक टक्के पातळ. म्हणजे ज्या इंजिनानं मुंबईत ११० दाखवलं असतं ते इथं १०५ दाखवेल, आणि त्यात इंजिनाची काही चूक नाही. फॉरवर्डच्या हिशेबानं चालायचं तर ही जीप फॅक्टरीच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशीच बाद होती.

माझा अंदाज असा, की ही सवय वडापमुळे, म्हणजे गावोगाव सीटवर प्रवासी नेणाऱ्या जीपमुळे, लागली. आपल्याकडच्या किती तरी मिस्त्र्यांचा हात वडापच्या डिझेल जीपवर बसला. डिझेल इंजिन गेजला तीनशे-चारशे पौंड सहज दाखवतं. तो आकडा ज्याच्या डोक्यात आहे त्याला शंभर म्हणजे मेलेलं वाटणारच. मिस्त्री वाईट नसतो, मोजपट्टी दुसऱ्या गाडीची असते.

खरं बघायचं ते चार सिलिंडरमधलं अंतर. १०५, १०२, १०४, १०० आले तर निश्चिंत व्हा. १२०, ११८, ७०, ६८ आले तर आकडे मोठे असूनही काम निघालं, आणि शेजारशेजारचे दोन पडलेत म्हणजे आधी त्यांच्या मधल्या गॅस्केटवर संशय घ्या. मोजताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, बॅटरी भरलेली आणि ॲक्सिलरेटर तळाशी दाबलेला हवा. हे शेवटचं निम्मे लोक विसरतात. थ्रॉटल बंद असेल तर आत हवाच जात नाही आणि चांगलं इंजिनही कमी दाखवतं. एखादा सिलिंडर कमी आलाच तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वाल्व्ह. साइड वाल्व्हमध्ये प्लग पिस्टनच्या बरोबर डोक्यावर नसतो, म्हणून ऑइल सोडल्यावर आधी इंजिन दोन-चार फेरे फिरवा, मग गेज लावा.

गेज नसलं तरी अडत नाही. या जीपला पुढून हँडल लागतं. स्विच बंद ठेवून, गिअर न्यूट्रलला टाकून सावकाश हँडल फिरवा. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला जोर लागतो. चारपैकी एक ठिकाणी हँडल सुळकन पुढं गेलं तर सिलिंडर सापडला. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका. उलटा झटका बसला तर मनगट जातं.

इंजिन हवा किती ओढतं ते दाखवणारं व्हॅक्यूम गेज तर फॉरवर्डमध्ये आलंच नाही, आणि मला विचाराल तर जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल सगळ्यात जास्त तेच बोलतं. इनटेक मॅनिफोल्डला जोडा आणि आयडलला बघा. पुस्तकात १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा, म्हणजे सोलापुरात दीड इंच. इथं १६ वर काटा स्थिर असेल तर छान. काटा ठरावीक ठेक्यात खाली पडत असेल तर एखादा वाल्व्ह नीट बसत नाही. स्थिर आहे पण बराच खाली, तर आधी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पडते का, बघा, इंजिन खोलायची भाषा नंतर. सावकाश डुलत असेल तर कार्बोरेटरचं मिक्श्चर.

ऑइलच्या झाकणातल्या वाफेचं थोडक्यात: थंड इंजिन सुरू केल्यावर थोडी वाफ येतेच. भकाभका धूर येत असेल तरी आधी क्रँककेसचा व्हेंटिलेशन वाल्व्ह काढून साफ करा. तो बुजला की आतली हवा झाकणातूनच वाट काढते. धूर बघायचाच तर मागं सायलेन्सरला बघा. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा येत राहिला तर रिंगा. उतारावर पाय काढल्यावर निळा लोट आला तर हरिकेनमध्ये इनटेक वाल्व्हच्या गाइडवर, म्हणजे वाल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावर, संशय घ्यावा.

टॅपेटच्या बाबतीत तर फॉरवर्डनं पार उलटं सांगितलंय. या इंजिनात आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, टॅपेट आणि वाल्व्हमध्ये गॅप ठेवावाच लागतो. साइड वाल्व्हला १६ थाउ (इंचाचे हजारावे भाग), हरिकेनला इनटेक १८ आणि एक्झॉस्ट १६, थंड इंजिनावर. इतका गॅप असल्यावर बारीक टिकटिक येणारच. भीती वाटायला हवी ती शिवणयंत्रासारख्या गुळगुळीत चालणाऱ्या इंजिनाची. विकणाऱ्यानं गॅप आवळून ठेवला असेल तर एक्झॉस्ट वाल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसण्याच्या कडेवर, पुरता टेकत नाही, थंड होत नाही आणि जळतो. गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, खिशात ठेवा. काळजीचा आवाज वेगळा असतो, खालून येणारा, जड, ठक्क. मध्यम रेसवर ॲक्सिलरेटर किंचित सोडल्यावर तो स्पष्ट होतो. मग एकेका प्लगचा करंट बंद करून ऐका. ज्या सिलिंडरला आवाज मऊ पडतो, बिगएन्ड बेरिंग (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) तिथलं गेलंय.

आता ऑइलचा काटा. या इंजिनांना पळताना ३५ पौंडांच्या आसपास प्रेशर पुरतं, आणि गरम झाल्यावर आयडलला १० पौंडही चालतात. मे महिन्यात होटगी रोडवरून तासभर फिरून आलेल्या जीपचा काटा आयडलला ४० दाखवत असेल तर मी खूश होणार नाही, डिपस्टिक काढून दोन बोटांत ऑइल चोळून बघेन. बेरिंग ढिली असली की जाड ऑइल ओतून काटा वर आणतात, आवाजही दाबतात. म्हणून जीप बघायला जायच्या आधी फोनवर सांगायचं, “अण्णा, मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका.” गेल्यावर पहिल्यांदा रेडिएटरवर हात ठेवायचा. गरम लागला तर चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांत जे ऐकू येतं ते नंतर लपतं.

पेट्रोलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली पूर्ण बंद झालं, आणि शिसं वाल्व्हच्या सीटला आधार द्यायचं हे खरं. पण कमी आरपीएमवर, रविवारी अक्कलकोटला जाऊन येणाऱ्या जीपच्या सीट काही महिन्यांत खचत नाहीत. एक्झॉस्टचा गॅप वरचेवर आपोआप कमी होतोय का, तेवढं बघत राहा. ऑक्टेनची काळजी तर सोडूनच द्या. हे इंजिन सत्तरच्या आसपासच्या ऑक्टेनसाठी बनलं, पंपावरचं साधं पेट्रोलही त्याच्या गरजेहून वरचं आहे. महागडं प्रीमियम भरणं म्हणजे पैसे जाळणं.

खरी भानगड पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासून बनणाऱ्या इथेनॉलची. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, तेव्हा तक्रार कुणाकडं करायची हा प्रश्नच आहे. २० टक्के इथेनॉलनं जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा फुगतो, टाकीतला जुना चिकटा सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) बसतो, मिक्श्चरही थोडं पातळ होतं. गाडी मिसिंग मारते, दुपारच्या उन्हात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन बंद पडते, आणि बघणारा म्हणतो इंजिन गेलं. इंजिनाला हात लावायचीही गरज नसते. पाइप आणि पडदा इथेनॉल चालणारे बसवा, टाकी धुवा, पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब न्या.

राहिलं ‘डिझेल टाका’. ज्याला रोज मळ्यात ओढकाम करायचंय त्याला डिझेलनं फायदा होईल, नाकारत नाही. पण इंजिन बदललं की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि पुष्कळ जीप तशा नोंदीशिवायच फिरतात. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. त्यात अट आहे की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही हे खरं, पण तो मार्ग मोकळा ठेवायचा असेल तर मूळ पेट्रोल इंजिन जागेवर पाहिजे. तेव्हा बयाणा देण्याआधी ब्लॉकवरचा नंबर कापडानं पुसून घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. जुळला नाही तर कंप्रेशन कितीही आलं तरी आधी कागदांचं विचारा.