वांग्यावरचा भुंगा वैरी नव्हे

रविवारी वाळव्याला गेलो तर तात्या पाठीला पंप अडकवून वांग्याच्या रानाकडं निघालेले. कारण भावकीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘काळा भुंगा वांगी पोखरतो, फुलावर दिसताच सकाळी फवारा. परागीभवन फक्त पेटीतली मधमाशी करते, बाकीचे किडे फुकटे. बांध जाळून साफ ठेवा.’ आमच्या घरात हा तीनदा आलाय. आता पुरे.

वांग्याला भोक पाडते ती अळी, एका पतंगाची. भुंगाही भोकं पाडतो हे कबूल, पण वाळक्या लाकडाला, गोठ्याच्या वाशाला. फुलात तो काय करतो ते सकाळी सरीत उकिडवं बसून बघा. वांग्याच्या फुलात मधोमध पिवळ्या नळ्या असतात. पराग त्यांच्या आत, आणि बाहेर पडायला टोकाशी बारीकसं छिद्र. भुंगा त्यांना खालून लोंबकळतो, पंख मिटतो आणि त्याचा आवाज एकदम चिरका होतो. त्या थरथरीनं पराग भुरुभुरु त्याच्या पोटावर पडतात. पेटीतल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. वारा-वावटळीनं थोडी फळं धरतात, पण भुंगा फिरला की फळधारणा वाढते. आणि मेसेज सांगतो, नेमका त्याच वेळी त्याच्यावर फवारा मारा!

पेटीचा फायदा होतो, नाही म्हणत नाही. सूर्यफुलाला, कांद्याच्या बियाण्याला ती हवीच. पण बाकीचे फुकटे? २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात जगभरातल्या ४१ पीकपद्धतींचा, ६०० शेतांचा अभ्यास आला. फुलांवरच्या फेऱ्या सारख्याच वाढल्या, तर रानकीटकांमुळं फळधारणा मधमाश्यांच्या दुप्पट वाढते, असं त्यात दिसलं. शेजारी मधमाश्या भरपूर असल्या तरीही. प्रत्येकाची वेळ वेगळी, रीत वेगळी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. पेटी तेव्हा गप्प झालेली असते, येतात ते पतंग.

बांधाचं तर बोलूच नका. वांगी फुलावर नसतात तेव्हा हे सगळे बांधावरच्या रानफुलांवरच जगतात, कित्येक माश्या तिथल्याच मातीत घर करतात.

तात्यांनी पंप उतरवला, पण विचारलं, “मग अळीचं काय करू?” प्रश्न रास्त होता. किडके शेंडे खुडून रानाबाहेर पुरा, कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाला भुलून नर पतंग अडकतात. तरीही फवारायची वेळ आलीच तर दिवस मावळताना, भुंगे घरी गेल्यावर.