रस्ता फुकट, वाहनतळाला पैसे

दर शनिवारी तेच! पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर जायचं आणि गाडी लावायला अर्धा तास घिरट्या घालायच्या. मंडईजवळ पालिकेची बहुमजली वाहनतळं आहेत की. पण तिथे पैसे मोजायचे आणि बाहेर रस्त्याकडेला फुकट, मग कोण कशाला गाडी वर चढवेल?

परवा आईला दवाखान्यात नेत होते. पुढे एकाने भर रस्त्यात इंडिकेटर लावून गाडी उभी केलेली. "दोनच मिनिटं हो मॅडम." पंधरा झाली. आई मागे गुडघा धरून बसलेली, आणि मागून हॉर्नवर हॉर्न.

मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचं पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. विरोध झाला, मग म्हणे आधी पाचच रस्त्यांवर प्रयोग करू. पुढे सगळं कागदावरच राहिलं. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून मागणी बघून पार्किंगचे दर बदलले, रस्त्यावरचेही आणि शहराच्या मालकीच्या गॅरेजमधलेही. आपल्याकडे दर म्हटलं की सगळे पक्ष एका सुरात 'जनतेवर बोजा' म्हणतात. अहो, रोज घिरट्यांत जळणारं पेट्रोल कोणाच्या खिशातलं आहे? रस्ता महाग करा, वाहनतळ स्वस्त करा. एवढं साधं आहे हो!