आपल्या गावाला चार भाषा कळतात, मग पिक्चर दोनच भाषांतले का?

सोलापुरात वाढलेल्या माणसानं परभाषेतल्या पिक्चरला बिचकायचं काहीच कारण नाही. अशोक चौकात उभं राहा, तेलुगू कानावर पडते. अक्कलकोटच्या एसटीत बसा, निम्मी गाडी कन्नड बोलत असते. विजापूर वेशीत दखनी, घरात मराठी. आपण दिवसभरात तीन भाषांत भांडतो आणि चौथीत समजूत काढतो. तरी 'काहीतरी चांगलं बघायला सुचव' असा मेसेज आला, की सगळ्यांकडून तीच तीच हिंदी-इंग्रजी नावं येतात. मोठ्या हिरोचा तेलुगू पिक्चर लागला की पहिल्या शोला शिट्ट्या पडतात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मीही त्या गर्दीत असते. पण त्याच तेलुगूत, त्याच कन्नडमध्ये आपल्या गल्लीतल्या, आपल्या कारखान्यातल्या माणसांच्या गोष्टी सांगणारे पिक्चर निघालेत, आणि ते आपल्याच गावात कुणी पाहिलेले नसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, पण वाचा.

सुरुवात 'मल्लेशम'पासून. २०१९ चा तेलुगू पिक्चर, दिग्दर्शक राज राचकोंडा. चिंतकिंदी मल्लेशम या खऱ्याखुऱ्या माणसाची गोष्ट आहे. तेलंगणातल्या विणकर घरातला मुलगा, सहावीत शाळा सुटलेली. पोचमपल्लीच्या साडीची नक्षी माग सुरू व्हायच्या आधीच सुतावर बसवावी लागते. त्यासाठी अर्धवर्तुळात ठोकलेल्या खुंट्यांवरून एकेक धागा हातानं फिरवून घ्यायचा, मग बांधायचा, मग रंगवायचा. या धागा फिरवायच्या कामाला 'आसू' म्हणतात. एका साडीसाठी हात सुमारे नऊ हजार वेळा खालीवर होतो. हे काम घरातल्या बायका करतात. मल्लेशमची आई तेच करायची, आणि रात्री तिचे खांदे इतके ठणकायचे की मुलानं ठरवलं, याला मशीन करायचं. शिक्षण नाही, पैसा नाही, गावात लोक वेडा म्हणताहेत. कित्येक वर्षं गेली त्यात. १९९९ मध्ये मशीन चाललं. त्यानं त्याला आईचं नाव दिलं, लक्ष्मी आसू मशीन. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली.

हा पिक्चर मी शेजारच्या अम्मांबरोबर पाहिला. अम्मांची हयात एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या छोट्या रिळी, भरण्यात गेली. प्रियदर्शी नावाच्या नटानं मल्लेशमचं काम फार जीव लावून केलंय, पण अम्मांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या बघत होत्या आईचं काम करणाऱ्या झांसीच्या हाताकडे. ती खांदा चोळते असा एक प्रसंग आला, तेव्हा अम्मा स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातात धरून म्हणाल्या, "आधी हे जातं गं. खांदा नंतर." पिक्चर तिथंच थांबवला आम्ही. पुढचा तासभर त्या त्यांच्या कारखान्याबद्दल बोलत होत्या. दिवसाला किती कांड्या, मजुरी कशी मोजायचे, लाइट गेली की बसून राहिलेल्या वेळेचे पैसे कसे कापायचे, पोर पायाशी झोपवून काम कसं करायचं. इतकी वर्षं शेजारी राहून यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. उरलेला पिक्चर दुसऱ्या दिवशी पाहिला.

मला विचाराल तर चांगल्या पिक्चरची माझी कसोटी हीच आहे. ज्या माणसाचं काम त्यात दाखवलंय, त्या माणसाला शेजारी बसवून तो पिक्चर बघता आला पाहिजे. हिंदीत एरवी नायक 'विणकर' असला तरी त्याच्या हातात धोटा दिसतो तो गाण्यापुरता. इथं काम हीच गोष्ट आहे.

मागाच्या पिक्चरांत आणखी दोन आहेत, आणि चादरीच्या गावात राहून ते न बघणं मला तरी पटत नाही. एक श्याम बेनेगलांचा 'सुस्मन', १९८७ चा. भाषा हिंदी, विषय पुन्हा पोचमपल्लीचाच. ओम पुरी विणकर आणि शबाना आझमी त्याची बायको. बेनेगलांच्या पिक्चरांची यादी कुणी सांगायला लागलं, की 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका' एवढ्यावर थांबतात, 'सुस्मन'चं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ओम पुरी मागावर बसलेला बघा. पाय, हात आणि नजर तिन्ही एका तालात चालतात. व्यापारी, सोसायटी आणि शहरातून आलेली डिझायनर बाई या तिघांच्या मध्ये सापडलेला तो कारागीर आपल्याकडे कुठल्याही पेठेत भेटेल.

दुसरा 'कांचीवरम', प्रियदर्शनचा, २००८ चा. हो, 'हेराफेरी'वाला प्रियदर्शन! तमिळ आपल्या चार भाषांत बसत नाही, पण मागाचा खडखडाट सगळीकडे सारखाच. स्वातंत्र्याच्या आधीचा काळ. वेंगडम हा रेशमी साड्या विणणारा कारागीर, आणि त्याच्या घरात रेशमाचा एक तुकडा नाही. मुलगी जन्मते तेव्हा तो बोलून बसतो, की हिला लग्नात रेशमी साडी नेसवीन. मग रोज कामावरून निघताना रेशमाचा धागा तोंडात लपवून आणायचा आणि रात्री लपूनछपून विणायचं. एकीकडे हाच माणूस मजुरांचा पुढारी होतो, संपावर उतरतो. संप म्हणजे काम बंद, काम बंद म्हणजे धागा बंद. आता तो काय करेल? या एका पेचावर अख्खा पिक्चर उभा आहे. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी विष्णू या गिरण्यांची नावं ज्यांच्या घरात आजही निघतात, त्यांना हा पेच समजावून सांगायची गरज नाही. प्रकाश राजला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पिक्चरलाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मिळाला. प्रकाश राजनं रंगवलेला खलनायक आपल्याला पाठ आहे आणि वेंगडम माहीत नाही, हे बरोबर नाही. शेवट मी सांगणार नाही. एकट्यानं बघू नका एवढंच सांगते.

आता कन्नड. गिरीश कासारवल्लींचा 'गुलाबी टॉकीज' (२००८) माझा अतिशय लाडका, कारण तो आपल्यासारख्या पिक्चरवेड्यांचाच पिक्चर आहे. कुंदापूरकडचा समुद्रकिनारा, कोळ्यांची वस्ती. गुलाबी ही मुसलमान सुईण, नवऱ्यानं टाकलेली, आणि सिनेमाची इतकी वेडी की बाळंतपण असो नाहीतर आणखी काही, थिएटरातून उठायला तयार नाही. एका अडलेल्या बाळंतपणासाठी तिला पिक्चर अर्धा टाकून उठवून नेतात आणि बदल्यात घरी टीव्ही आणि डिश बसवून देतात. झालं! वस्तीतल्या बायका, ज्या एरवी तिच्या दारात उभ्या राहिल्या नसत्या, त्या संध्याकाळी तिच्या खोलीत दाटीवाटीनं बसायला लागतात. कुणी जमिनीवर, कुणी दारात अर्धी आत अर्धी बाहेर. काही तर आत पाऊल टाकत नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बघतात. दिग्दर्शकानं तो उंबरा किती बारकाईनं वापरलाय ते बघा, कोण आत आलं आणि कोण बाहेरच राहिलं यावरून अख्ख्या गावाचं राजकारण कळतं. काळ कारगिल युद्धाचा. बाहेरचं वारं हळूहळू त्या खोलीत शिरतं. उमाश्रीनं गुलाबी अशी उभी केलीय, की ती हसली की आपणही हसतो. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ कथा वैदेहींची. मोहरम आणि गणपती एकाच बोळातून जाताना पाहिलेल्या गावानं हा पिक्चर मनावर घेऊन पाहावा असं मला वाटतं.

'तिथी' बद्दल थोडंच सांगते, कारण त्याची गंमत बघण्यातच आहे. राम रेड्डीचा पहिला पिक्चर. मंड्याकडचं एक गाव, एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो आणि अकराव्या दिवसाच्या जेवणापर्यंत त्याच्या तीन पिढ्या काय काय करतात, एवढीच गोष्ट. मुलाला जमिनीत रस नाही, नातवाला जमीन विकायची आहे, पणतू एका धनगराच्या पोरीमागे फिरतोय. सगळे नट गावातलीच माणसं, कुणी आधी कॅमेरा पाहिलेला नाही. मंड्याची कन्नड आपल्या अक्कलकोट-इंडीकडच्या कन्नडपेक्षा वेगळी आहे, सुरुवातीला कान लावावा लागेल. पण सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला भाषेची अडचण येणारच नाही. हसून हसून पोट दुखेल.

तेलुगूतला 'केअर ऑफ कंचरपालेम' (२०१८) हाही असाच. विशाखापट्टणमची एक वस्ती आणि त्याच वस्तीतल्या लोकांनी केलेली कामं. चार वेगवेगळ्या वयांतली चार प्रेमं. त्यातला राजू हा सरकारी ऑफिसातला शिपाई, वय एकोणपन्नास, लग्न न झालेला, आणि गाव त्याच्या लग्नाची काळजी करून थकलंय. साहेब म्हणून बदलून आलेली बाई त्याच्याशी बरोबरीनं बोलायला लागते, तिथून पुढं बघा. कुणी शेवट सांगायला लागलं तर सरळ कानात बोटं घाला.

मराठी राहिली असं म्हणू नका, मुद्दाम मागे ठेवली होती. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, पालख्या आपल्या दारावरून जातात, आणि वारीवर आजवर ढीगभर पिक्चर-मालिका निघाल्या. त्यातला बहुतेकांचा वारकरी मला कॅलेंडरवरचा वाटतो. सुमित्रा भावे यांचा 'दिठी' बघा. द. बा. मोकाशींच्या कथेवरचा. रामजी लोहार, तीस वर्षं वारी केलेला माणूस, त्याचा तरणाताठा मुलगा पुरात गेलाय. विठ्ठलाला काय विचारावं हेच त्याला कळेना. धो धो पाऊस, पोथीला जमलेली मंडळी, आणि गावात एक गाय अडलीय. तिला सोडवायचं कसब रामजीच्या हातात आहे. पुन्हा हातच, बघा! गाईच्या वेण्यातून त्या बापाच्या दुःखापर्यंत पिक्चर कसा पोचतो, हे लिहून सांगता येण्यासारखं नाही. किशोर कदम यांनी केलेलं सर्वांत मोठं काम, माझ्या मते. भावे बाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या आणि पिक्चर मे महिन्यात ओटीटीवर आला. तोही कोरोनाच्या धामधुमीत, त्यामुळं कुणाच्या लक्षातच आला नाही.

पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेलांचे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' सगळ्यांना माहीत. 'एक होता विदूषक' (१९९२) किती जणांनी पाहिलाय? पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, आणि मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा हिरो होतो, मग राजकारण्यांच्या हाती लागतो. लक्ष्या फक्त हसवतो असं समजणाऱ्यांनी हा पिक्चर बघून मग बोलावं. मोडनिंबच्या कला केंद्रांवरून रोज एसटीनं जाणाऱ्या जिल्ह्यात हा पिक्चर घराघरात माहीत असायला हवा होता.

आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. १९४६ चा, व्ही. शांताराम यांचा, आणि कोटणीसांचं कामही त्यांनीच केलेलं. १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथंच जीव ठेवलेला हा डॉक्टर आपल्या सोलापूरचा. भैय्या चौकातल्या स्मारकापुढून आपण रोज गाडी दामटतो. शाळेत धडा होता, नाव माहीत आहे, पिक्चर मात्र पाहिलेला नाही, असं निम्म्या गावाचं आहे. जुना आहे, अभिनय आजच्या मानानं ठसठशीत वाटेल, पण वसंत देसाईंचं संगीत आणि युद्धातल्या दवाखान्याचे प्रसंग आजही धरून ठेवतात.

एक विनंती. यातलं जे बघाल ते मूळ भाषेत बघा, हिंदी डबिंगच्या नादी लागू नका. डबिंगमध्ये मल्लेशमची आई आणि एखाद्या सीरियलमधली सासू एकाच आवाजात बोलतात. न कळलेलं वाक्य शेजाऱ्याला विचारा, आपल्याकडे शेजारी कशाला आहेत! आणि 'रविवारी कोण असलं गंभीर बघणार' म्हणणाऱ्यांना 'तिथी'पासून सुरुवात करून द्या.

दखनीतलं मात्र माझ्याकडे फारसं काही नाही. हैदराबादी कॉमेडी सोडून, साधी घरातली दखनी ज्यात बोलली जाते असा पिक्चर कुणाला माहीत असेल तर नाव सांगा, शक्यतो कुठं मिळेल तेही लिहा. दुधनी-मैंदर्गीकडच्या मित्रांनी कन्नडमधली नावं द्या. मागाचे आणखी पिक्चर असतील, कुठल्याही भाषेतले, तर ते आधी. अम्मांनी पुढच्या रविवारसाठी विचारून ठेवलंय.