पन्नास म्हणजे पन्नास, दोन इंच नव्हे!

डोकं अजून तापलेलंच आहे. काल सकाळी नऊ वाजता कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका फॅब्रिकेटरकडे पिकअप टाकली, मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढायला हिच (जोडणीचं लोखंड) लावून घ्यायला. साडेचारला घ्यायला गेले, आणि बघते तर काय, ती हिच बंपरला वेल्डिंग करून ठेवलेली! बंपरला! मी स्वतः स्केच काढून दिलं होतं. चेसीच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेट, एकेका बाजूला तीन बोल्ट, १०.९ ग्रेडचे, वेल्डिंग कुठेही नको. खाली लाल पेनाने, दोनदा अधोरेखित करून: बॉल, म्हणजे कॅरॅव्हॅन ज्यावर अडकते तो गोळा, ५० एमएम. तो कागद त्याच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली होता. चहाचा गोल डाग पडला होता, नेमका त्या ५० वर.

व्हर्नियर, जाडी मोजायचा, माझ्या डॅशबोर्डच्या खणात असतो. बॉलला लावला. ५०.८. अमेरिकन दोन इंची बॉल. आमच्या कॅरॅव्हॅनचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, युरोपीय मापाचा, त्याच्या पाठीवर ५० कोरलेलं आहे, ठसठशीत, चष्मा न लावता वाचता येईल असं. एवढंच नाही, नमुन्याला म्हणून मी तसलाच एक नवा कोरा कपलर सकाळी त्याच्या हातात दिला होता, बदलायला आणून ठेवलेला. म्हणजे लावून बघायचा तरी होतात!

तर हा म्हणतो, "मॅडम, पॉइंट आठने काय होतंय?"

काय होतंय? लावून दाखवा म्हटलं. त्याने कपलर बॉलवर ठेवला, दाबला. बसेना. दांडा अर्ध्यावर अडकला. त्या कपलरला बाजूला एक खूण असते, नीट बसला की हिरवी पट्टी, नाही तर लाल. लाल दिसत होती. मी बोट ठेवून दाखवली. त्याने मान वळवली आणि पोऱ्याला म्हणाला, "हातोडी दे रे."

आणि ठोकला! माझ्या डोळ्यांसमोर, माझा नवा कपलर, वरून दोन दणके. दांड्याच्या बुडाशी रंग उडाला, खाली चकचकीत लोखंड दिसायला लागलं. लाल पट्टी लालच. "गाडी चालवली की बसेल," म्हणे. अहो, गाडी चालवली की बसेल, की वाशीच्या पुलावर निसटेल? १,८६० किलो आहेत मागे! उलटं असतं, पन्नासचा बॉल आणि दोन इंची कपलर, तर ढिला बसला असता आणि खड्ड्यात आपटून उडाला असता. दोन मापं वेगळी ठेवली आहेत ती उगाच नाही.

मग मी बंपरवर पाय ठेवून उभी राहिले. माझं वजन ६४. पत्रा खाली वाकला, दिसण्याइतका. ६४ किलोला वाकतो, आणि त्या बॉलवर कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचे ९४ किलो कायमचे बसणार आहेत, वर खड्ड्यांचे हिसके वेगळे. हे सांगायला लागले, तर त्याने हात जोडले आणि तोंड भरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. साहेबांना पाठवा, मी त्यांना समजावतो."

साहेबांना! गाडी मी चालवते. कॅरॅव्हॅन मी ओढते. रिव्हर्समध्ये ती लावायची कशी हे आमच्या घरात फक्त मला येतं, नवरा खाली उतरून हात दाखवतो. स्केच माझं, व्हर्नियर माझा, आरसी माझ्या नावावर, ॲडव्हान्स माझ्या खात्यातून गेलेला. आणि समजणार कोणाला, तर साहेबांना.

हा सगळा धंदाच असा आहे. जिथे जाल तिथे एकच वाक्य, "ओढेल की! हत्ती ओढेल!" ओढेल हे मलाही माहीत आहे, डिझेलचं इंजिन आहे, ओढणारच. थांबेल का? मागचा टायर किती दबेल? पुढचं चाक रस्त्याला धरून राहील का? हे कोणी विचारलंय? पिकअप घेताना शोरूममधला मुलगा अर्धा तास टॉर्क टॉर्क करत होता. मी विचारलं, बॉलवर किती वजन चालेल? तो म्हणाला, "मॅडम, यात ॲपल कारप्ले आहे." पुस्तिका आली घरी, एवढी जाडजूड, ट्रेलरबद्दल एक ओळ नाही.

शेवटी मीच आरसी घेऊन बसले. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन: ३२० किलो. आता मांडा हिशेब. आम्ही चौघं, २७०. हिचचं लोखंड २५. बॉलवरचे ९४, कारण ते वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणजे गाडीतलं सामानच झालं. बेरीज ३८९. पाण्याची बाटली ठेवायच्या आधीच गाडी ६९ किलोंनी जास्त! विकताना हे एकानेही सांगितलं नाही. ट्रक निवडायचा तो या आकड्यावर निवडायचा असतो, आणि हा आकडा ना जाहिरातीत असतो ना विकणाऱ्याच्या तोंडात. आता आम्ही दोघंच जातो पिकअपने. मुलं सासऱ्यांबरोबर ट्रेनने. चार जणांचं कुटुंब दोन गाड्यांत, कारण विकणाऱ्याला एक वजाबाकी करायची नव्हती.

धाकटे दीर टेक्सासला असतात, त्यांचंही हेच झालं. त्यांचा ट्रेलर सात हजार पौंडांचा, म्हणजे ३,१७५ किलो. तिकडे बॉलवर १० ते १५ टक्के वजन ठेवतात, म्हणजे बारा टक्के धरले तरी ३८०. तिकडच्या ट्रकच्या दारावर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते छापलेलं. त्यांच्या दारावर दीड हजार पौंड होते, ६८० किलो. घरची पाच माणसं बसली की संपला खेळ. आणि विकणाऱ्याने काय दाखवलं होतं? ओढायची क्षमता. वर्षाच्या आत मोठा ट्रक घ्यावा लागला. निदान त्यांच्या दारावर स्टिकर तरी होता!

त्यांनी मला सांगितलं, वहिनी, वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावा, सळयांच्या ताणाने वजन पुढच्या चाकांवर जातं. जातं, खरं आहे. त्यांच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. माझा कपलर मागून रेटा आला की आत सरकतो आणि त्यातून ब्रेक लागतो. त्या सळया लावल्या तर तो सरकणंच अडणार. शिवाय कपलरच्या पट्टीवर बॉलचा भार कमाल १०० किलो लिहिला आहे, त्यांचे दहा टक्के मी आणू कुठून? माझे दहा टक्के म्हणजेच १८६. युरोपीय कॅरॅव्हॅनमध्ये जड सामान चाकांच्या वर, मध्यावर ठेवायचं असतं, आणि जर्मनीत अशा गाड्यांना साधी मर्यादा ताशी ८० आहे. अमेरिकेचं गणित तिकडच्या गाडीला, युरोपचं युरोपच्या गाडीला. आणि कुर्ल्यात दोन्ही नाहीत, तिथे हातोडी आहे.

मी एवढी का चिडते, तर वजन चुकलं की काय होतं ते मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, लोणावळ्याहून खाली उतरताना, एक्स्प्रेसवेच्या घाटात. मुलांच्या सायकली आणि जनरेटर आम्ही कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाला बांधले होते. तेव्हाच्या फॅब्रिकेटरने सांगितलं होतं, "मागे टाका, बॉल हलका होतो, गाडीला बरं." शेजारून एक लक्झरी बस सणसणत गेली आणि आरशात कॅरॅव्हॅन डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग परत डावीकडे, आधीपेक्षा जास्त. स्टिअरिंग हातात पोकळ लागत होतं. नवरा ओरडला ब्रेक मार, मी नाही मारला, ॲक्सिलरेटर सोडला आणि चाक सरळ धरून ठेवलं. सहा-सात हेलकाव्यांनी थांबली. मागच्या सीटवर धाकटा होता, नऊ वर्षांचा. तो घरी येईपर्यंत बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला वजनकाटा नेला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि कपलर त्यावर टेकवला. ३८ किलो. १,८६० ला ३८, दोन टक्के! बॉल हलका होतो म्हणे. म्हणूनच तर ती डोलत होती! सिलिंडर, बॅटरी पुढे आणली, सायकली आत मध्यावर घेतल्या, ९४ वर आणलं. एवढं करायला ठोकळा लागला आणि एक दुपार. त्या माणसाला हे माहीत नव्हतं आणि तो ट्रेलर बनवून विकत होता.

आणि बाकीचे काय कमी आहेत? टोलनाक्यावर दर वेळी वाद, कधी कारचा टोल, कधी ट्रकचा, ज्याच्या जसं मनात येईल तसा. हवालदार विचारतो ट्रेलरवर दोन नंबर का. अहो, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे ते, ट्रेलरचा स्वतःचा नंबर आणि ओढणाऱ्या गाडीचाही! राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आणि माझ्या सोसायटीचे सेक्रेटरी अजून नोटीस लावतात की हे "हातगाडीसदृश वाहन" आवारात नको. म्हणून ती तळोज्याला भाड्याच्या जागेत उभी, महिन्याला चार हजार. इंडिकेटरच्या वायरी आधीच्या इलेक्ट्रिशियनने पिळून चिकटपट्टी लावलेल्या, पहिल्याच पावसात डावा दिवा दाबला की दोन्ही लागत होते. घाटात, धुक्यात.

पण कालच्याइतकं कोणी पेटवलं नव्हतं. मी सांगितलं, वेल्ड कापा, बंपर होता तसा करा, कपलरचे पैसे भरा. कपलरच्या नावाने तो गप्प झाला. कापायला तयार झाला, पण कापायचे १,२०० वेगळे म्हणाला. लावायचे घेतलेलेच होते, आता काढायचेही. साडेसहा वाजले होते, मुलीला क्लासवरून आणायचं होतं, दिले. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या आणि मी शेजारी उभी राहून चेसीला धक्का लागत नाही ना ते बघत होते. बंपरला दोन काळे चट्टे राहिलेच.

पावती मागितली. पुस्तक उघडलं, पेन घेतलं आणि मान वर न करता विचारतो, "साहेबांचं नाव काय?"